केंब्रिज ग्रीक कोश: समजावतो उत्तम, साक्ष मात्र देत नाही

प्राचीन ग्रीक आणि लॅटिनच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याच्या बॅगेचा वजनकाटा फार लवकर पुस्तकांवर येऊन अडतो, आणि पुस्तकांत तो हमखास अडतो कोशावर. व्याकरणाचे पुस्तक पातळ असते, संहितेच्या आवृत्त्या ग्रंथालयात मिळतात, पण कोश रात्री अकरा वाजताही हाताशी लागतो. तेव्हा कोणता घ्यावा, हा प्रश्न मला जाण्यापूर्वी पडला होता, आणि आता मागून येणारे विद्यार्थी तोच मला विचारतात. मी २०२१ साली निघालेला, प्राचीन ग्रीक शब्दांचे अर्थ इंग्रजीत देणारा केंब्रिज ग्रीक कोश घेतला. सलग दोन वर्षे, म्हणजे दर आठवड्याच्या वाचनवर्गाला, अनुवादाच्या परीक्षांना आणि दोन शोधनिबंधांना मी तो वापरला आहे. पुढील अभिप्राय छापील दोन खंडांबद्दल आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. दोन खंड मिळून दीड हजारांहून अधिक पाने, सुमारे ३७,००० शब्द आणि सुमारे ९० लेखकांचे साहित्य असा त्याचा पसारा आहे. होमरपासून सुरुवात होते आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी, प्लूटार्कच्या चरित्रग्रंथापाशी तो थांबतो. मुख्य संपादक जेम्स डिगल असले, तरी कल्पना मूळची जॉन चॅडविक यांची. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये लिनिअर बी ही अतिप्राचीन ग्रीकची लिपी उलगडली, तेव्हा त्यांच्या जोडीला जे भाषाशास्त्रज्ञ उभे राहिले, तेच हे चॅडविक. १८८९ चा विद्यार्थ्यांसाठीचा मध्यम आकाराचा लिडेल-स्कॉट कोश थोडा डागडुजी करून पुन्हा छापावा, एवढाच मूळ बेत होता. १९९७ मध्ये काम सुरू झाले, १९९८ मध्ये चॅडविक वारले, आणि जुन्या घराला रंग देऊन भागणार नाही, भिंतीच नव्याने बांधाव्या लागतील, हे संपादकांच्या लवकरच लक्षात आले. पाच वर्षांचे काम तेवीस वर्षे चालले. कोशकारांच्या हिशेबात हे नवे नाही. दिलेल्या मुदतीत पूर्ण झालेला मोठा कोश माझ्या तरी ऐकिवात नाही.

डागडुजी का पुरली नाही, हे कळायला जुना कोश जवळून पाहावा लागतो. हेन्री लिडेल आणि रॉबर्ट स्कॉट यांनी १८४३ मध्ये पहिली आवृत्ती काढली ती फ्रान्झ पासोव्ह या जर्मन विद्वानाच्या कोशावर आधारून. त्यानंतर प्रत्येक पिढीने तिच्यावर भर घातली, आणि हेन्री स्टुअर्ट जोन्स व रॉडरिक मॅकेन्झी यांनी १९२५ ते १९४० या काळात नववी आवृत्ती भागाभागाने प्रसिद्ध केली. लिडेल, स्कॉट आणि जोन्स यांच्या आद्याक्षरांवरून आज ‘एलएसजे’ म्हणतात तो हाच दोन हजारांहून अधिक पानांचा ठोकळा. त्यातली एखादी मोठी नोंद वाचताना उत्खननातल्या थरांची आठवण होते: तळाशी पासोव्ह, त्यावर लिडेल, त्यावर जोन्स, आणि अगदी वर १९९६ ची सुधारित पुरवणी, जी मजकुरात मिसळलेली नाही, ग्रंथाच्या शेवटी वेगळी बांधलेली आहे. त्यामुळे काटेकोर माणसाने प्रत्येक शब्द दोनदा पाहायचा असतो. मी काटेकोर आहे असे मला वाटत असे. पहिल्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात तो गैरसमज दूर झाला.

याच कोशावरून बेतलेला विद्यार्थ्यांचा मध्यम कोश तर १८८९ पासून तसाच छापला जातो आहे, आणि इंग्रजी ही ज्यांची शिकलेली भाषा आहे त्यांची खरी अडचण तिथून सुरू होते. आपण ग्रीक वाचतो ते इंग्रजीच्या खिडकीतून, आणि ही खिडकी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे. ‘ब्लाउते’ हा एक पादत्राणाचा प्रकार. त्याचा अर्थ जुन्या कोशात ‘छानछोकी पुरुष घालतात ती सपाता’ असा दिलेला आहे, आणि त्या छानछोकी पुरुषासाठी वापरलेला इंग्रजी शब्द आज बोलण्यात उरलेला नसल्याने आधी इंग्रजी कोश उघडावा लागतो. नव्या कोशात साधी सपाता आहे. घालणाऱ्याच्या चारित्र्याची चौकशी नाही. ‘क्रोकोतोस’ म्हणजे केशरी रंगाचा झगा. तो कोणत्या बायका घालत, हे सांगताना जुन्या कोशाने जे विशेषण वापरले आहे त्याचा अर्थ आजच्या इंग्रजीत पार बदलून गेला आहे. ज्याला हा बदल ठाऊक नाही, तो विद्यार्थी ॲरिस्टोफेनिसच्या नाटकावर भलतेच काही लिहून बसेल.

ॲरिस्टोफेनिसचे नाव निघालेच आहे म्हणून सांगते. त्याच्या विनोदी नाटकांत शौचाचे आणि संभोगाचे शब्द पानोपानी येतात, आणि ते सभ्य शब्द नाहीत, कारण तो विनोदच असभ्यतेवर उभा आहे. जुना कोश अशा ठिकाणी घसा खाकरतो. ‘खेझो’ या क्रियापदाला तो ‘मोकळे होणे’ अशा वळणाने जातो, आणि संभोगाच्या रोखठोक शब्दाचा अर्थ तर चक्क लॅटिनमध्ये देतो. ज्याला लॅटिन येते त्याचे शील सुरक्षित आहे, अशी बहुधा समजूत असावी. नव्या कोशाने हे शब्द आजच्या इंग्रजीतल्या त्याच पातळीच्या शब्दांनी दिले आहेत. काही समीक्षकांनी याचीच बातमी केली, पण मला त्यात सनसनाटी काही वाटत नाही. शब्दाची पातळी हाही अर्थाचाच भाग असतो, आणि ‘हगणे’ला ‘शौचास जाणे’ म्हणणारा कोश अर्धाच अर्थ सांगतो.

मात्र या कोशाचे खरे मोल धीट शब्दांत नाही. ते आहे नोंदीच्या रचनेत. जुन्या पद्धतीत शब्दापुढे पर्यायी इंग्रजी शब्दांची रांग लागते, आणि वाचणाऱ्याने त्यातला एक उचलायचा असतो. नवा कोश अर्थांप्रमाणे क्रमांक देऊन भाग पाडतो, त्या अर्थाची थोडक्यात व्याख्या करतो, हा शब्द कोणाबद्दल किंवा कशाबद्दल वापरला जातो ते सांगतो, आणि मग ठळक टाइपात भाषांतर देतो. उदाहरणार्थ ‘पोलिस’. या शब्दाला आपण ‘नगर’ म्हणून मोकळे होतो. पण तो गड आहे, शहर आहे, शहराच्या ताब्यातला मुलूख आहे आणि त्या नगराचा नागरिकसमाजही आहे, या पायऱ्या एकीतून दुसरी कशी निघते हे कळेल अशा मांडल्या की इतिहासकार थ्युसिडिडीसमधले एखादे वाक्य एकदम उजळते. शत्रूने ‘पोलिस’ घेतले म्हणजे भिंती घेतल्या की माणसे, हा प्रश्न विचारायला हवा, हेच मुळात अशी नोंद शिकवते.

याच बाबतीत मराठी वाचकाला एक जादा सोय आहे, जी कुठल्याच इंग्रजी कोशात मिळणार नाही. सोफोक्लिसच्या अँटिगोनी या नाटकातले एक समूहगीत ३३२ व्या ओळीपासून सुरू होते, आणि त्याच्या पहिल्याच ओळीत ‘देइनोस’ या विशेषणाचे रूप येते: ‘देइना’ पुष्कळ आहेत, पण माणसाहून अधिक ‘देइनोस’ काही नाही. इंग्रजी अनुवादक या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या अडखळतात. जुना कोश भीतिदायक, प्रचंड सामर्थ्यवान आणि हुशार अशा तीन पायऱ्या देतो, आणि तिन्ही मिळून एकच शब्द कसा होतो हे वाचणाऱ्याने ताडायचे असते. सेमिनारमध्ये इतर सगळे यावर काथ्याकूट करत असताना मला मात्र आमच्या घरातले बोलणे आठवत होते. ‘पोरगं भयंकर हुशार आहे’, ‘ती भयंकर छान गाते’, ‘काल भयंकर प्रसंग आला’. ‘भयंकर’मध्ये भीती, प्रमाणाबाहेरची ताकद आणि कौशल्याला दिलेली दाद एकत्र नांदतात, आणि ‘देइनोस लेगेइन’ म्हणजे बोलण्यात भयंकर पटाईत. नव्या कोशाच्या समासात मी पेन्सिलीने हा एकच मराठी शब्द लिहून ठेवला आहे. असे समास भरत गेले, तर दहा वर्षांत माझ्या प्रतीची किंमत माझ्यापुरती तरी दुप्पट होईल.

क्रियापदांकडे आता. ग्रीक शिकणाऱ्याचे निम्मे आयुष्य क्रियापदाचे मूळ शोधण्यात जाते. ‘फेरो’ म्हणजे वाहून नेणे, आपल्या संस्कृत ‘भरति’चे सख्खे भावंड, पण त्याचा भविष्यकाळ ‘ओइसो’ आणि संस्कृतातल्या लुङ्‌सारखा भूतकाळ ‘एनेंका’, म्हणजे तीन निरनिराळ्या धातूंनी एकाच क्रियापदाचा संसार चालवलेला. मराठी माणसाला यात आश्चर्य वाटायला नको, कारण आपणही ‘जातो’ म्हणतो आणि भूतकाळात ‘गेला’ म्हणतो, जो ‘जा’पासून मुळी येतच नाही. परंतु मराठी आपण आईकडून शिकतो, ग्रीक तक्त्यावरून. नव्या कोशात क्रियापदाची महत्त्वाची रूपे, बोलीभेदांसह, नोंदीच्या सुरुवातीलाच नीट मांडलेली आहेत, आणि अवघड रूपे वर्णानुक्रमात स्वतंत्रपणे देऊन तिथून मूळ क्रियापदाकडे बोट दाखवलेले आहे. न वाचलेला उतारा समोर ठेवून घड्याळ लावले जाते तेव्हा कोश जवळ नसतो, हे खरे. पण त्या परीक्षेची तयारी ज्या शेकडो संध्याकाळी होते, त्यांतला वेळ या मांडणीने खूप वाचवला.

या ठिकाणी एक किरकोळ कुरकुर. पहिला खंड आल्फापासून इओटापर्यंत आणि दुसरा काप्पापासून ओमेगापर्यंत आहे. ‘एनेंका’ सापडते पहिल्या खंडात, ‘फेरो’ आहे दुसऱ्यात; ‘एइदोन’, म्हणजे पाहिले, हे पहिल्यात, आणि ज्याचे ते रूप मानतात ते ‘होराओ’ दुसऱ्यात. त्यामुळे मेजावर दोन्ही खंड एकाच वेळी उघडे ठेवावे लागतात आणि मूळ संहितेला जागा उरते मांडीवर.

आता ज्या गोष्टीसाठी हा अभिप्राय लिहायला बसले, तिच्याकडे येते. या कोशात अर्थापुढे लेखकाच्या नावाचे संक्षिप्त रूप असते, परंतु त्या लेखकाच्या कोणत्या ग्रंथात, कितव्या ओळीत तो अर्थ आला आहे, हे दिलेले नसते. मूळ ग्रीक अवतरणेही जवळजवळ नाहीत. हा हलगर्जीपणा नाही, संपादकांनी जाणून घेतलेला निर्णय आहे. संदर्भ गाळले म्हणूनच व्याख्यांना जागा मिळाली आणि एवढे साहित्य दोन खंडांत मावले. पदवीच्या विद्यार्थ्याला त्याने काही बिघडत नाही. पदव्युत्तर अभ्यासात मात्र खेळाचे नियम बदलतात, आणि ते मला भर वर्गात कळले.

इतिहासकार हेरोडोटसचा एक उतारा चालू होता. एका क्रियापदाचा नेहमीचा अर्थ बसत नव्हता, म्हणून मी कोशातला जरा वेगळा अर्थ घेऊन वाक्य लावले, आणि कोशात या अर्थापुढे हेरोडोटसचे नाव आहे असे ठामपणे सांगितले. प्राध्यापिकेने शांतपणे विचारले की हेरोडोटसमध्ये कुठे. मी गप्प. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: कोशकारांनी हा अर्थ कदाचित याच वाक्यावरून काढला असेल, तर तुम्ही कोशाचा आधार देता आहात की त्याच वाक्याचा आधार त्याच वाक्याला देता आहात? हेरोडोटसची पुस्तके नऊ आहेत. ती संध्याकाळ मी तो शब्द सगळीकडे शोधण्यात घालवली, आणि अखेर एलएसजेने पाच मिनिटांत ठिकाणे दाखवली. प्राध्यापिकेची शंका रास्त होती: तो अर्थ ज्या एका वाक्यावर उभा होता, ते आमच्यापुढचेच वाक्य होते.

संस्कृत शिकलेल्यांना हा अनुभव अनोळखी नाही. मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात अर्थापुढे ऋग्वेद, महाभारत अशी ग्रंथांची संक्षिप्त नावे असतात, पण श्लोक कोणता ते बहुतेक ठिकाणी नसते. आणि तो श्लोक हवा असेल तर बोटलिंक आणि रोथ यांच्या १८५५ ते १८७५ या काळात निघालेल्या सात खंडांच्या सेंट पीटर्सबर्ग कोशाकडे जावे लागते, जो जर्मनमध्ये आहे. केंब्रिजचा कोश आणि एलएसजे यांचे नाते मला याच जोडीसारखे वाटते. पहिला वाचताना लागतो, दुसरा लिहिताना. पहिल्याने अर्थ समजतो. पण शोधनिबंधात ‘या शब्दाचा असा अर्थ होतो’ असे विधान करायचे, तर वाचणारा पुरावा मागणार, आणि पुरावा दुसऱ्याजवळ आहे.

यावर उपाय नाही असे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन आवारात १९७२ मध्ये सुरू झालेल्या थिसॉरस लिंग्वे ग्रेके या प्रकल्पाने प्राचीन ग्रीक साहित्य शोधता येईल अशा रूपात आणले आहे. कोशातले लेखकाचे नाव घ्यायचे, तिथे तो शब्द टाकायचा आणि स्वतः सगळी स्थळे वाचायची. हे करायलाच हवे, आणि केल्यावर भाषा जशी येते तशी दुसऱ्या कशाने येत नाही. परंतु लेखक प्लेटो असला आणि शब्द ‘लोगोस’सारखा असला, तर ‘सगळी स्थळे वाचायची’ हा सल्ला नसून शिक्षा आहे. एखाददुसरे स्थळ तरी प्रत्येक अर्थापुढे दिले असते, तर तिसरा खंड काढावा लागला असता हे मान्य करूनही, मी तो तिसरा खंड आनंदाने वाहिला असता.

व्याप्तीबद्दल घेण्याआधी नीट विचार करावा. ज्यांचा विषय होमर, शोकनाट्य, इतिहासकार, वक्ते किंवा प्लेटो आहे, त्यांना काही कमी पडणार नाही. पण लुसियन, पॉसेनियस, गेलेन हे सगळे लेखक दुसऱ्या शतकात पुढे येतात आणि ते कोशाच्या कुंपणाबाहेर राहतात. प्लूटार्कची चरित्रे आत आहेत, त्याचे नीतिविषयक निबंध नाहीत. नव्या करारातली शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये आहेत, पौलाची पत्रे नाहीत. शिलालेख आणि पपायरस (प्राचीन कागदावरचे लेख) यांवर काम करणाऱ्याने तर या कोशाला पाहुणा समजावे. घरचा माणूस एलएसजेच. लॅटिनवाल्यांना हा पेच नाही, कारण १९८२ मध्ये पूर्ण झालेला ऑक्सफर्डचा लॅटिन कोश अर्थही नीट लावतो आणि स्थळेही देतो. याचा मला थोडा मत्सर वाटतो.

परदेशात पोचल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते: पदव्युत्तर अभ्यासक्रमात ग्रीक आणि लॅटिनबरोबर जर्मन, आणि बहुधा फ्रेंच किंवा इटालियनही, वाचता येणे आवश्यक असते. म्हणजे विद्यार्थी एकाच वेळी चार-पाच भाषांचे कोश चाळत असतो, आणि त्यातल्या एकाची तरी भाषा सरळ असावी ही अपेक्षा फार नाही. केंब्रिजच्या कोशाने माझी ही अपेक्षा पूर्ण केली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, ते सहाध्यायी जुन्या कोशाच्या जुनाट इंग्रजीचे कौतुक करतात, त्यात त्यांना आजोबांच्या बोलण्याची गोडी वाटते. मला ती गोडी परवडत नाही. मला अर्थ हवा असतो, आणि व्याख्या दिलेली असली की इंग्रजी पर्यायाच्या छटेवर डोळे मिटून विसंबावे लागत नाही. या एका कारणासाठी, संदर्भांची उणीव पुरती भोगूनही, मी हा कोश पुन्हा घेईन.

नव्याने निघणाऱ्याला माझे सांगणे असे. ज्याचे ग्रीक दोन-तीन वर्षांचे आहे आणि पुढची दोन वर्षे मुख्यतः वाचनात जाणार आहेत, त्याने हा अवश्य घ्यावा, आणि मध्यम लिडेल-स्कॉट कोणी भेट म्हणून देत असेल तर आभार मानून शेल्फवर ठेवावा. ज्याचा प्रबंधाचा विषय ठरलेला आहे आणि तो शब्दांच्या अर्थाभोवती फिरणारा आहे, त्याने आधी एलएसजेशी ओळख वाढवावी. त्याची नववी आवृत्ती पर्सियस या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते, फक्त पुरवणी तिथे नाही, एवढे लक्षात ठेवावे. आणि दोन्ही जड खंड विमानातून नेण्याआधी आपल्या विभागाच्या वाचनकक्षात ते आहेत का, हे पत्र पाठवून विचारावे. बहुधा असतातच. मी विचारले नव्हते. त्या दोन खंडांसाठी मी हिवाळी कोट घरी ठेवला, आणि पोचल्यावर पहिल्याच दिवशी वाचनकक्षाच्या दाराजवळच्या कपाटात त्यांची कोरी, कोणी न उघडलेली प्रत पाहिली.